गेमिंग संगणक अपग्रेड करताना प्रोसेसरच्या थ्रेडना किती महत्त्व द्यावे?

गेम अडकत चालू लागला की संगणकाच्या मालकाची नजर सर्वांत आधी प्रोसेसरच्या थ्रेडच्या आकड्याकडे, म्हणजे तो एका वेळी आदेशांचे किती प्रवाह चालवू शकतो त्याकडे, जाते. ‘माझ्या प्रोसेसरला चारच थ्रेड आहेत, बारा थ्रेडवाला बसवला तर गेम सुरळीत चालेल ना?’ हा प्रश्न सोलापुरात आपला पहिला-दुसरा संगणक जुळवणाऱ्या मुलांकडून वारंवार ऐकू येतो. अपग्रेडसाठी हाताशी असलेली रक्कम बहुतेकदा घरच्यांनी काटकसर करून बाजूला काढलेली असते, त्यामुळे या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही.

तरीही ज्यांना थोडक्यात उत्तर हवे आहे त्यांच्यासाठी ते आधीच सांगतो. प्रोसेसरमध्ये प्रत्यक्ष कोअर चारच असतील तर एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय गेमिंगमध्ये स्पष्ट फरक पाडते. सहा कोअर असतील तर ती काही गेममध्ये उपयोगी पडते. आठ किंवा त्याहून अधिक चांगले कोअर असतील तर केवळ गेम खेळणाऱ्याने त्या सोयीसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही. मात्र आपला गेम प्रोसेसरमुळेच अडकतो आहे हे आधी सिद्ध झाले पाहिजे, आणि पुष्कळदा ते सिद्ध होत नाही.

थ्रेड वाढतात म्हणजे काय होते

कोअर हा प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग आहे. या कोअरचा बराच वेळ वाट पाहण्यात जातो. हवी असलेली माहिती कोअरच्या अगदी जवळच्या कॅश या छोट्या, वेगवान मेमरीत असेल तर ती चार-पाच चक्रांत (चक्र म्हणजे कोअरच्या घड्याळाचा एक ठोका) मिळते. पण ती रॅममधून आणावी लागली तर ऐंशी नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ सहज जातो, आणि ४ गिगाहर्ट्झने चालणाऱ्या कोअरसाठी ती तीनशेहून अधिक चक्रे होतात. एवढा वेळ कोअर रिकामा राहू नये म्हणून त्याच कोअरला आदेशांचा दुसरा प्रवाह जोडून देण्याची युक्ती निघाली. तिला सर्वसाधारणपणे एसएमटी म्हणतात; इंटेल आपल्या प्रोसेसरमधील त्याच सोयीला हायपर-थ्रेडिंग म्हणते.

सोलापूरच्या वाचकाला हे यंत्रमागाच्या शेडमध्ये सहज दिसेल. एक विणकर दोन माग सांभाळतो, एका मागाची कांडी संपून तो थांबला की विणकराचे लक्ष आणि हात दुसऱ्या मागाकडे वळतात, त्यामुळे दिवसाचे कापड वाढते. पण दोन्ही मागांना एकाच क्षणी त्याची गरज पडली तर एका माणसाचे दोन होत नाहीत. दुसरा थ्रेड म्हणजे दुसरा कोअर नव्हे, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. दोन्ही थ्रेड तीच गणना करणारी एकके आणि तेच कॅश वाटून घेतात.

इंटेलने ही सोय २००२ साली आधी सर्व्हरच्या झिऑन प्रोसेसरमध्ये आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ मध्ये आणली. कोअर २ मालिकेत ती नव्हती. २००८ साली आलेल्या पहिल्या कोअर आय७ पासून ती परतली. एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझेनपासून ती स्वीकारली. पुढे अनेक वर्षे इंटेलने तिचा उपयोग दोन प्रोसेसरच्या किमतींत अंतर ठेवण्यासाठी केला: सातव्या पिढीपर्यंत डेस्कटॉपच्या आय५ ला चार कोअर आणि चार थ्रेड, तर आय७ ला चार कोअर आणि आठ थ्रेड. ‘जास्त थ्रेड म्हणजे वरच्या दर्जाचा प्रोसेसर’ हा समज मुख्यतः त्या काळातला आहे, आणि त्या काळापुरता तो बरोबरही होता.

गेम हे काम कसे वाटतो

चित्रफीत रूपांतरित करताना किंवा त्रिमितीय दृश्य तयार करताना कामाचे शेकडो स्वतंत्र तुकडे पडतात, म्हणून तिथे जितके थ्रेड तितका लाभ मिळतो. गेमचे तसे नसते. गेमचा एक मुख्य थ्रेड असतो, जो खेळाडूने कोणती कळ दाबली, कोण कोठे आहे, पुढे काय घडणार हे ठरवतो. आणि बहुधा आणखी एक थ्रेड ग्राफिक्स कार्डाला काय रेखाटायचे ते सांगत असतो. ध्वनी, पदार्थविज्ञानाची गणिते, फायली उलगडणे, संगणकाकडून चालणाऱ्या पात्रांच्या हालचाली ही कामे इतर थ्रेडवर टाकता येतात. पण मुख्य थ्रेडचे काम संपल्याशिवाय पुढची फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे पुढचे चित्र, तयार होत नाही. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हव्या असतील तर जेमतेम ७. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: निम्मे काम एकामागून एक असेच करावे लागणार असेल, तर बाकीच्या निम्म्यासाठी कितीही हात लावले तरी एकूण वेग दुपटीपलीकडे जात नाही.

म्हणून गेमिंगमध्ये एका कोअरचा वेग आणि कॅशचा आकार यांना थ्रेडच्या संख्येपेक्षा अधिक वजन आहे. तरीही नव्या गेममध्ये काम वाटण्याची पद्धत सुधारली आहे, कारण गेम ज्यांच्यामार्फत ग्राफिक्स कार्डाशी बोलतो त्या डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या दोन्हींमध्ये रेखाटनाचे आदेश अनेक थ्रेडवरून तयार करता येतात. शिवाय २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्ही यंत्रांत एएमडीच्या झेन २ बनावटीचे आठ कोअर आहेत आणि मोठे गेम आज त्यांना समोर ठेवूनच लिहिले जातात. एक्सबॉक्स सिरीज एक्समधील एक तपशील आपल्या विषयाला फार जवळचा आहे. त्या यंत्रात एसएमटी बंद ठेवली तर प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झने चालतो आणि सुरू ठेवली तर ३.६ गिगाहर्ट्झने, यांपैकी काय निवडायचे ते गेम लिहिणाऱ्यांवर सोडलेले आहे. आठ कोअर हाताशी असताना काही गेमना आणखी आठ थ्रेडपेक्षा थोडा जास्त वेग अधिक उपयोगी पडू शकतो, हे बनवणाऱ्यांनीच मान्य केल्याचे हे उदाहरण आहे.

सायबरपंक २०७७ या गेमचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या त्याच्या १.०५ क्रमांकाच्या सुधारणेत चार आणि सहा कोअरच्या रायझेन प्रोसेसरवर एसएमटीचा वापर सुधारला गेला. आठ, बारा आणि सोळा कोअरच्या प्रोसेसरसाठी मात्र काहीही बदलले नाही. थ्रेडचा लाभ कमी कोअरच्या प्रोसेसरला अधिक होतो, हे सूत्र इथेही दिसते.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते पाहा

टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात सीपीयूवर क्लिक करावे. तिथे प्रोसेसरचे पूर्ण नाव, कोअरची संख्या आणि लॉजिकल प्रोसेसर्सची, म्हणजे थ्रेडची, संख्या दिसते. या दोन्ही संख्या सारख्या असतील तर आपल्या प्रोसेसरमध्ये ही सोय नाही किंवा ती बायोसमधून, म्हणजे बोर्डावरील मूळ सॉफ्टवेअरमधून, बंद केलेली आहे. सेकंड-हँड संगणकात आधीच्या मालकाने ती बंद करून ठेवलेली असू शकते, म्हणून प्रोसेसरचे नाव निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून पडताळून घ्यावे. त्याच पानावर मेमरीवर क्लिक केल्यास रॅमचा वेग आणि किती खाचा वापरात आहेत तेही कळते. दोन्ही गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात, कारण त्या पुढे लागणार आहेत.

पायरी २: अडथळा नेमका कोठे आहे ते शोधा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच वगळली जाते. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत साधन बसवावे आणि गेम चालू असताना पडद्यावर चार गोष्टी दिसतील अशी व्यवस्था करावी: ग्राफिक्स कार्डाचा वापर, प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र वापर, प्रोसेसरचे तापमान आणि प्रत्येक फ्रेमला लागणारा वेळ. त्यानंतर जो गेम अडकतो तोच, ज्या ठिकाणी अडकतो त्याच ठिकाणी, काही मिनिटे खेळावा. रिकाम्या मैदानात उभे राहून घेतलेली नोंद निरुपयोगी असते.

ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ ते १०० टक्के असेल तर प्रोसेसर बदलून जवळपास काहीच हाती लागणार नाही. सेटिंग कमी करणे किंवा ग्राफिक्स कार्ड बदलणे हाच मार्ग आहे. उलट, फ्रेमवर कोणतीही मर्यादा घातलेली नसताना कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेम हव्या तेवढ्या मिळत नसतील, तर संशय प्रोसेसरवर किंवा रॅमवर घ्यावा. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणावे. ग्राफिक्स कार्डाचे ओझे निम्म्याहून कमी होऊनही फ्रेम वाढत नसतील तर कार्ड निर्दोष आहे.

इथे नवख्यांची एका आकड्यामुळे हमखास दिशाभूल होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला की ‘प्रोसेसर तर निम्मासुद्धा वापरला जात नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. बारा थ्रेडच्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड आपल्या कोअरची सारी ताकद खाऊन बसला तरी एकूण वापरात तो फक्त आठ टक्क्यांच्या आसपास दिसतो. त्याच्या जोडीला हलकी कामे धरली तर एकूण आकडा ३०-४० टक्क्यांवर जातो, आणि तरीही गेम प्रोसेसरमुळेच अडलेला असू शकतो. याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. सहाही कोअरवर एकेक थ्रेड पूर्ण भरलेला असेल तर बारा थ्रेडच्या प्रोसेसरचा एकूण वापर ५० टक्के दिसेल, पण उरलेल्या ५० टक्क्यांत तेवढीच ताकद शिल्लक आहे असे नाही. तिथून पुढे जे मिळते ते साधारणपणे पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून एकूण टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्येक थ्रेडचा आलेख पाहावा.

आलेखातील खुणा अशा वाचाव्यात. एक-दोन थ्रेड सतत भरलेले आणि बाकीचे निवांत असतील तर आपल्याला अधिक वेगवान कोअर आणि मोठे कॅश असलेला प्रोसेसर हवा. अधिक थ्रेडचा इथे उपयोग नाही. उलट सगळेच्या सगळे थ्रेड ९० टक्क्यांच्या वर असतील आणि फ्रेमला लागणाऱ्या वेळेच्या रेषेत वारंवार उंच सुळके दिसत असतील, तर कोअर आणि थ्रेड खरोखर अपुरे पडत आहेत. चार कोअर आणि चार थ्रेडच्या कोअर आय३-९१००एफ किंवा रायझेन ३ ३२००जी यांसारख्या प्रोसेसरवर हे चित्र आजच्या मोठ्या गेममध्ये हटकून दिसते. सरासरी फ्रेम ७० दाखवल्या जातात, पण मध्येच क्षणभर सारे थांबते, कारण पार्श्वभूमीतला ब्राउझर किंवा अँटीव्हायरस जागा झाला की त्याला चालायला वेगळी जागाच नसते. म्हणून सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ हा आकडाही पाहावा. तो सर्वांत वाईट एक टक्का फ्रेमचा वेग सांगतो. एसएमटीचा लाभ सरासरीपेक्षा या आकड्यात अधिक दिसतो.

पायरी ३: पैसे न घालता किंवा थोड्या पैशांत जे होते ते आधी करा

आपल्याकडच्या अनेक संगणकांत रॅमची एकच पट्टी असते. एका पट्टीमुळे मेमरीचा एकच मार्ग वापरात येतो आणि प्रोसेसर अधिक काळ ताटकळतो. सारख्या क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवल्याने मिळणारा फरक काही वेळा नव्या प्रोसेसरच्या तोडीचा असतो, आणि खर्च त्याच्या काही अंशानेच होतो. तसेच ३२०० वेगाची रॅम घेऊनही बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय) सुरू न केल्यामुळे ती २४०० किंवा २६६६ वर चालत असलेली आढळते; बोर्ड परवानगी देत असेल तर ती सोय सुरू करावी.

यानंतर उष्णता. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि वरच्या मजल्यावरील पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी काय होते ते वेगळे सांगायला नको. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की प्रोसेसरचेही साधारण तेवढेच वाढते, आणि मर्यादेला पोहोचलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून घेतो. हिवाळ्यात नीट चालणारा गेम उन्हाळ्यात अडकत असेल तर थ्रेड मोजत बसण्याऐवजी कूलरच्या पंख्यात आणि पत्र्यांत साचलेली धूळ काढावी, थर्मल पेस्ट बदलावी आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. सर्व थ्रेड भरलेले असताना एसएमटीमुळे कोअरला उसंत मिळत नाही आणि तापमान काही अंशांनी वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

पायरी ४: कोअर आणि थ्रेड यांचा हिशोब मांडा

इथपर्यंत येऊनही प्रोसेसरच अपुरा ठरत असेल तर नवा निवडताना आधी प्रत्यक्ष कोअर मोजावेत, मग पिढी पाहावी, मग कॅश, आणि थ्रेडचा आकडा सर्वांत शेवटी.

दोन कोअरचे प्रोसेसर आता विचारात घेऊ नयेत. २०१४ मध्ये फार क्राय ४ हा गेम दोन कोअर आणि दोनच थ्रेड असलेल्या प्रोसेसरवर सुरूच होत नव्हता, आणि ती परिस्थिती आता कितीतरी मागे पडली आहे. चार कोअर असतील तर आठ थ्रेड असलेलाच घ्यावा. कोअर आय३-१२१००एफ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक गेम खेळणाऱ्यांना तो पुरतो. मोठे, मोकळ्या जगाचे गेम खेळणाऱ्यांनी सहा कोअर आणि बारा थ्रेड ही आजची किमान पातळी मानावी, असे माझे मत आहे. कोअर आय५-१२४००एफ, रायझेन ५ ५६०० आणि रायझेन ५ ७६०० हे या वर्गातले. सहा कोअर आणि सहाच थ्रेड असलेले कोअर आय५-९४००एफ किंवा रायझेन ५ ३५०० कोणाकडे आधीपासून असतील तर तेवढ्यासाठी ते लगेच बदलण्याची गरज नाही, पण नव्याने पैसे घालून ते घेऊही नयेत.

केवळ थ्रेडच्या आकड्यावर का जाऊ नये हे पटवणारी उदाहरणे बाजारातच आहेत. कोअर आय७-८७००के मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड होते. त्यानंतरच्या कोअर आय७-९७००के मध्ये आठ कोअर आणि आठच थ्रेड आले. थ्रेड चारने घटले, तरी बहुतेक गेममध्ये ९७००के बरोबरीत किंवा पुढेच राहिला. रायझेन ५ ५५०० आणि रायझेन ५ ५६०० या दोघांनाही सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, पण पहिल्यात एल३ कॅश १६ मेगाबाइट आणि दुसऱ्यात ३२ मेगाबाइट असल्याने गेममध्ये ५६०० स्पष्टपणे सरस आहे. रायझेन ७ ५८००एक्स३डीचे उदाहरण तर याहून बोलके. त्याचा वेग ५८००एक्सपेक्षा किंचित कमी, कोअर आणि थ्रेड तेवढेच, परंतु कॅश ३२ ऐवजी ९६ मेगाबाइट; आणि गेमिंगमध्ये तोच पुढे जातो.

इंटेलच्या बाराव्या पिढीपासून हिशोब थोडा गुंतागुंतीचा झाला, कारण तेव्हापासून अनेक प्रोसेसरमध्ये वेगवान आणि काटकसरी असे दोन प्रकारचे कोअर येतात आणि काटकसरी कोअरला एकच थ्रेड असतो. कोअर आय५-१३४००एफ चे सोळा थ्रेड म्हणजे सहा वेगवान कोअरचे बारा आणि चार काटकसरी कोअरचे चार. गेमचा मुख्य थ्रेड वेगवान कोअरवरच चालणे इष्ट असते, म्हणून अशा प्रोसेसरची तुलना करताना वेगवान कोअर किती ते विचारावे. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधून इंटेलने हायपर-थ्रेडिंग काढूनच टाकले. कोअर आय७-१४७००के मध्ये आठ वेगवान आणि बारा काटकसरी कोअर मिळून अठ्ठावीस थ्रेड होते. कोअर अल्ट्रा ७ २६५के मध्ये कोअर तेवढेच आणि थ्रेड वीस. तरीही अनेक थ्रेड वापरणाऱ्या कामांत नवा प्रोसेसर मागे पडला नाही.

जे गेम खेळताना त्याच संगणकावरून थेट प्रक्षेपण करतात त्यांनी मात्र थोडा वेगळा विचार करावा. ओबीएस या प्रक्षेपणाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स२६४ हा पर्याय निवडल्यास चित्र संकुचित करण्याचा सारा भार प्रोसेसरवर येतो आणि तिथे जास्तीचे थ्रेड खरोखर राबतात. परंतु एनव्हीडियाच्या कार्डात या कामासाठी एनव्हीएन्क हा स्वतंत्र विभाग असतो. तो निवडला की प्रोसेसरवरचा भार बराच हलका होतो, म्हणून तेवढ्यासाठी महागडा प्रोसेसर घेण्याआधी ही सेटिंग बदलून पाहावी. चित्रफीत संपादन, त्रिमितीय काम किंवा मोठे सॉफ्टवेअर संकलित करणे हे रोजचे असेल, तर आठ कोअर आणि सोळा थ्रेडचे पैसे वसूल होतात.

पायरी ५: आपल्या बोर्डावर काय बसते ते तपासा

एएम४ हे एएमडीचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा, असलेला बोर्ड ज्यांच्याकडे आहे त्यांचे नशीब चांगले आहे. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावरही बायोस अद्ययावत करून रायझेन ५ ५६०० किंवा रायझेन ७ ५७००एक्स बसतो. चार थ्रेडच्या रायझेन ३ वरून तिथे जाणे हे कमी खर्चात होणारे सर्वांत समाधानकारक अपग्रेड आहे, असे मी निःसंकोच सांगेन. मात्र ३२००जी मधील अंगभूत ग्राफिक्सवरच ज्यांचा पडदा चालतो त्यांनी सावध राहावे, कारण ५६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर तिथेही नसते.

इंटेलकडे सॉकेट लवकर बदलतात. आठव्या-नवव्या पिढीच्या बोर्डावर दहावी पिढी चालत नाही, आणि एच४१० व बी४६० बोर्डांवर सहसा अकरावी चालत नाही. एलजीए १७०० सॉकेटच्या बोर्डावर बारावी, तेरावी आणि चौदावी या तीनही पिढ्या बसतात, पण स्वस्त एच६१० बोर्डावर आय७ किंवा आय९ बसवू नये. वीज पुरवणारा त्याचा भाग त्या भाराने तापतो आणि प्रोसेसर पूर्ण वेगाने चालत नाही. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये व्होल्टेज अवाजवी वाढून ते अस्थिर होण्याची अडचण आढळली होती आणि तिच्यावरील दुरुस्ती २०२४ मध्ये बायोसच्या सुधारणांतून आली, म्हणून असा प्रोसेसर घेतल्यास बायोस अद्ययावत केल्याशिवाय तो वापरू नये.

दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पिढीच्या आय५ वर असलेल्यांना दुकानात आय७-३७७० किंवा आय७-४७९० सुचवला जातो. चार थ्रेडचे आठ होतात हे खरे, आणि अगदी कमी पैशात मिळाला तर एखादे वर्ष निघूनही जाईल. पण ३७७० मध्ये काही नव्या गेमना लागणारे एव्हीएक्स२ आदेश नाहीत, या दोन्हींना विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे. इथे बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर तिन्ही बदलण्यासाठी पैसे साठवणे श्रेयस्कर.

पायरी ६: खरेदी

सेकंड-हँड झिऑन आणि अनोळखी बनावटीचा एक्स९९ बोर्ड यांचे जोड ‘चोवीस थ्रेडचा गेमिंग पीसी’ म्हणून विकले जातात. झिऑन ई५-२६७० व्ही३ मध्ये बारा कोअर आणि चोवीस थ्रेड आहेत हे खोटे नाही, पण त्याचा मूळ वेग २.३ गिगाहर्ट्झ आणि कमाल ३.१ गिगाहर्ट्झ आहे. बहुतेक गेममध्ये आठ थ्रेडचा आय३-१२१००एफ त्याच्या पुढे जातो, आणि अनोळखी बोर्ड बिघडला तर तो दुरुस्त करून देणारा शोधावा लागतो. असे जोड गेमिंगसाठी घेऊ नयेत.

शहरातील दुकान, पुण्याची बाजारपेठ आणि ऑनलाइन विक्री यांतील भाव अवश्य पडताळावेत. हुतात्मा एक्सप्रेसने सकाळी पुण्याला जाऊन रात्री परत येता येते, त्यामुळे मोठी खरेदी तिथून करण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु एकट्या प्रोसेसरसाठी वाचणारी रक्कम फार नसेल तर गावातल्या दुकानाला माझी पसंती राहील, कारण बायोस अद्ययावत करून देणे, जुना प्रोसेसर परत घेणे आणि बिघाड झाल्यास समोरासमोर बोलणे या गोष्टींना किंमत आहे. बिल जीएसटीसह घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. सेकंड-हँड घेताना दुकानातच सीपीयू-झेड हे प्रोसेसरची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर चालवून नाव, कोअर आणि थ्रेड जुळतात का ते पाहावे, आणि रायझेन एएम४ असल्यास तळाच्या पिना उजेडात तपासाव्यात.

पायरी ७: बसवल्यानंतर

एएम४ बोर्डावर जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अद्ययावत करावा, नाहीतर नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा काळाच राहील. हे काम सुरू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. वळवाच्या दिवसांत संध्याकाळी आभाळ भरून आले असताना ते मुळीच करू नये. शक्यतो सकाळी आणि यूपीएस जोडूनच करावे.

संगणक सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये लॉजिकल प्रोसेसर्सची संख्या अपेक्षेप्रमाणे आहे का ते पाहावे. बायोस अद्ययावत केल्यावर एक्सएमपी बंद झालेली असते, ती पुन्हा सुरू करावी. मग पायरी २ मधील चाचणी त्याच गेमवर, त्याच ठिकाणी, त्याच सेटिंगवर पुन्हा करावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात.

एसएमटी बंद केल्यास गेम अधिक चांगला चालतो असे कोणी सांगितले तर ते तपासायला हरकत नाही. बायोसमध्ये एएमडी बोर्डावर ‘एसएमटी मोड’ आणि इंटेल बोर्डावर ‘हायपर-थ्रेडिंग’ या नावाने ही सोय असते. आठ किंवा अधिक कोअरच्या प्रोसेसरवर एखाद्या गेममध्ये काही फ्रेम वाढलेल्या दिसतील, एखाद्यात घटलेल्या. चार किंवा सहा कोअरच्या प्रोसेसरवर मात्र १ टक्का लो बहुधा खाली येईल. २०१८ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधील काही सुरक्षा त्रुटी उघड झाल्यावर ओपनबीएसडी या प्रणालीने हायपर-थ्रेडिंग मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. घरी गेम खेळणाऱ्याने तेवढ्यासाठी ते बंद करण्याची आवश्यकता नाही, विंडोजच्या सुधारणा वेळच्या वेळी घेतल्या तरी पुरे. चाचणी करताना एका वेळी एकच सेटिंग बदलावी आणि प्रत्येक स्थितीत निदान तीन वेळा मोजावे. दुपारच्या उन्हातली नोंद आणि रात्रीच्या गारव्यातली नोंद यांची एकमेकींशी तुलना करू नये. दोन्ही मोजमापे एकाच वेळेला, खोलीतला पंखा त्याच वेगावर ठेवून घ्यावीत.